एका शिंगाची साक्ष

१

ऐक नुसतं. मध्ये ‘मग पुढे, मग पुढे’ करू नकोस, सगळं सांगतो.

आपली ठिणगी माहितीये ना, जुन्या गाड्यांचं वायरिंग करते ती? तर शनिवारी सकाळी ती आजोबांकडून किल्ली मागून घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेली आणि पोपटिणीची डिकी उघडली. डिकीत हवा भरायचा पंप होता, जॅक होता, आणि मधोमध धुळीत एक स्वच्छ गोल उमटलेला होता. गाठोडं नव्हतं.

थांब, गाठोडं म्हणजे काय ते आधी सांगतो. पोपटीण ही पोपटी रंगाची दोन दारांची जुनी गाडी. एका काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये हिरो हीच गाडी तुटलेल्या पुलावरून कालव्यापलीकडे उडवतो. एवढा झणझणीत रंग आणि पिक्चर काळा-पांढरा, फुकट गेला सगळा, असं आबा नेहमी म्हणायचे. आबा म्हणजे ठिणगीचे आजोबा, वय एक्क्याऐंशी. हिरोच्या नावावर खपलेली ती उडी त्यांनी मारलेली. सेटवर सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, पण पिक्चरच्या नावांत त्यांचं नाव कुठेच नाही. शेहेचाळीस वर्षं झाली. आणि उडीच्या दिवसापासून डिकीत ते गाठोडं. जाड कापडात बांधलेलं, वर मोठ्या ताटाएवढं गोल काहीतरी, खाली चपटं काहीतरी. ठिणगीने लहानपणी एकदा गाठीला हात घातला होता, तर जन्मात आवाज न चढवणारे आबा तिच्यावर ओरडले होते.

आता मौज बघ. त्याच शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सिनेमाच्या संग्रहालयात जुन्या गाड्यांचं दालन उघडणार होतं. मधोमध पोपटीण, तिच्यासमोर पितळेची पाटी, पाटीवर आबांचं नाव. ज्याच्यासाठी माणूस शेहेचाळीस वर्षं थांबला, ते. आणि नेमकं आदल्या दिवशी गाठोडं गायब.

डिकीची किल्ली एकच, एरवी कायम आबांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. कुलपाला ओरखडासुद्धा नाही. ठिणगी पळत आबांकडे गेली. ते खुर्चीत बसून बूट पुसत होते. तिने सांगितलं. त्यांचा हात एक क्षण थांबला, मग परत चालू झाला.

“गेलं तर गेलं,” ते म्हणाले. “शोधू नकोस.”

२

आता तू ठिणगीला ओळखतोस. तिला शोधू नकोस म्हणणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. पण ती सुरुवात करते न करते तोच दारात भिंगवाले उभे.

भिंगवाले म्हणजे संग्रहालयाचे तपासनीस. गळ्यात कायम भिंग. या गोष्टीत ज्याच्या त्याच्या गळ्यात काहीतरी आहे बघ, तेवढं लक्षात ठेव. प्रत्येक गाडी पिक्चरमधल्या चित्राशी ताडून बघायची, हे त्यांचं काम. माणूस सज्जन, पण कामात बापाचं ऐकणार नाही. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि पुढच्या मडगार्डवरून फिरवलं. डावीकडे ते सगळीकडे घट्ट चिकटलं. उजवीकडे एका जागी गळून टपकन खाली पडलं. गॅरेजवाल्यांना याचा अर्थ शिकवावा लागत नाही. उजवं मडगार्ड कधीतरी चेपलं होतं आणि पुट्टी भरून सरळ केलं होतं. डावं मात्र अगदी जन्माचं, हातही न लागलेलं.

ते खाली बघून म्हणाले, की पिक्चरमध्ये गाडी पलीकडे आपटते तेव्हा डावं मडगार्ड चेपतं. शंभर वेळा पाहिलं. म्हणजे ही ती गाडी नव्हे. पाच वाजता पडदा उघडायच्या आत कुणी पुरावा दिला तर ठीक, नाहीतर पाटीवर लिहावं लागेल, ‘अशीच एक गाडी’. आणि अशाच एका गाडीच्या ड्रायव्हरचा सत्कार कसा करणार?

आबांनी एका वाक्यात काहीतरी सांगावं म्हणून ठिणगी त्यांच्याकडे बघत राहिली. आबा भिंगवाल्यांकडे बघतच नव्हते. ते बघत होते पोपटिणीच्या मागच्या सीटकडे. मग उठले, पुसलेले बूट कोपऱ्यात ठेवले आणि पायात रोजच्या चपला अडकवल्या.

म्हणजे त्यांनी तेव्हाच सोडून दिलं होतं सगळं. कुणासाठी, ते ठिणगीला कळेना.

३

पहिला नंबर भोंग्याचा. भोंगा हा आबांचा मिस्त्री. हळू बोलायला लागला की समजायचं आजारी आहे. डिकीतलं ते धूड फेकून द्या म्हणून आबांच्या मागे लागायचा, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच.

त्याने सांगितलं ते असं. शुक्रवारी दुपारभर शिलाईकाकू सीटची नवी कव्हरं बसवत होत्या. शिलाईकाकू म्हणजे त्या काळी पिक्चरचे कपडे शिवायच्या त्या. गळ्यात फितीला बांधलेली कात्री असते बघ, झोपतानाही काढत नसतील. चार वाजता त्या गेल्या. पाचला आबांनी पंप ठेवायला डिकी उघडली, तेव्हा गाठोडं होतं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. साडेपाचला आला हिरोचा मुलगा. आबा नाहीत म्हटल्यावर गाडीभोवती घुटमळला, डिकीवरून हात फिरवला आणि काही न बोलता गेला. सहाला काकू कात्री विसरली म्हणून परत आल्या, भोंगा चहाला गेला, आणि तो अर्ध्या तासाने आला तेव्हा त्या जुनी कव्हरं धुवायला घेऊन निघाल्या होत्या. सातला भोंग्याने शटर ओढलं. बस.

कुलूप न तोडता डिकीत जायचं कसं, असं ठिणगीने विचारलं. भोंगा हसला. मागच्या सीटचं कव्हर सोडवलं की टेकणीला दोन खटके दिसतात, ते दाबले की टेकणी निघते आणि समोर डिकी. हे त्याला माहीत, आबांना माहीत, आणि ज्याने कधी कव्हर काढलंय त्याला माहीत.

ठिणगी सीटवर वाकली. दुधासारखं पांढरं नवं कव्हर, त्यावर एक डाग नाही. भोंग्याच्या ग्रीसने माखलेल्या हातांकडे तिने एकदा पाहिलं. त्या हातांनी कव्हर सोडवलं असतं तर सीटवर पंजाच उमटला असता. भोंगा सुटला. मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. कव्हराच्या कडा सगळीकडे मशीनवर शिवलेल्या, फक्त डाव्या कोपऱ्यात वीतभर हातशिलाई. मुंगीच्या पावलांएवढे टाके. तिला वाटलं, मशीन पोचलं नसेल तिथे. मनात नोंद केली आणि निघाली हिरोच्या मुलाकडे.

अख्खं आयुष्य त्याचे वडील मुलाखतींत सांगत आले, की ती उडी मीच मारली. पुरावा नाहीसा व्हावा असं वाटायला त्याच्याइतकं कारण कुणाला? ठिणगी भांडायच्या तयारीनेच गेली. त्याने दार उघडलं, तिचं नाव ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. म्हणाला, वडील जाताना एकच काम सांगून गेले, उस्तादांची माफी माग आणि आभार मान. दोन वर्षं होत आली. काल हिंमत करून आलो होतो, आबा नव्हते तर सुटल्यासारखं वाटलं, इतका मी भित्रा.

मग त्याने वडिलांच्या कपाटातला एक फोटो तिच्या हातात ठेवला. उडीनंतरचा. अख्खी टोळी गाडीसमोर उभी, सगळे अर्ध्या बाह्यांत, घामाने निथळलेले. मागे काठावर एक गाय. कडेला तरुण शिलाईकाकू, अंगात कुणाचं तरी जाडजूड जॅकेट, पार बोटांपर्यंत बाह्या. आणि गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे उलटे, आरशात दिसतात तसे.

“फोटो उलटा छापला गेलाय,” तो म्हणाला.

ठिणगीला काही ते पटलं नाही.

४

दुपारी दोन वाजता ती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत भिंगवाल्यांच्या शेजारी बसली होती आणि तीच उडी छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा चालली होती. गाडी डावीकडून येते, पुलाच्या टोकावरून सुटते, हवेत क्षणभर अडकल्यासारखी थांबते आणि उजवीकडच्या काठावर आपटते. डावं मडगार्ड चेपतं. हिरोचं जॅकेट, टोपी, स्टिअरिंगवर दोन्ही हात. अकरा वेळा पाहिलं. बाराव्या वेळी तिने गाडीकडे बघणंच सोडून दिलं आणि कंटाळून मागे बघत बसली.

मागे गाय होती. तीच, फोटोतली. आपल्याकडे तोंड करून चरत होती, एवढी गाडी डोक्यावरून गेली तरी मान वर केली नाही बयेने. तिचं एक शिंग मोडलेलं होतं. उजवं.

ठिणगीने फोटो काढला. फोटोत डावं मोडलेलं.

तिने भिंगवाल्यांना विनवलं, की उडीच्या आधीचा प्रसंग लावा, ती हिरॉइन काठावर वाट बघत उभी असते तो. त्यांनी लावला. मागे गाय. शिंग मोडलेलं डावं. पुन्हा उडी लावली. उजवं. भिंगवाल्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं ते काढेचनात.

बघ हं, आता ठिणगीने कसं जुळवलं. गाय काही रात्रीतून शिंग बदलत नाही. दोन ठिकाणी डावं, एकाच ठिकाणी उजवं. म्हणजे फोटो सरळ आहे, उलटी आहे ती उडी. पिक्चरभर पाठलाग डावीकडून उजवीकडे चाललेला, पण कालव्याचा उंच काठ, जिथून गाडी सोडता येईल, तो नेमका दुसऱ्या बाजूला असणार. मग उडी उजवीकडून डावीकडे मारली आणि छापताना निगेटिव्ह उलटी केली. पडद्यावर आकडे सरळ दिसावेत म्हणून नंबरप्लेट मुद्दाम उलटी रंगवली. टोळीने सगळ्याची काळजी घेतली, फक्त गाईकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि पडद्यावर डावं मडगार्ड चेपलं, म्हणजे खरं चेपलं ते उजवं. पोपटिणीचं उजवं.

ठिणगी खुर्चीतून उडालीच. पण भिंगवाले तसेच बसून होते. पुरावा म्हणून एक फोटो पुरणार नाही, ती उलटी प्लेट हवी, असं ते म्हणाले. मग त्यांनी पडद्यावरच्या त्या जॅकेटवाल्यावर बोट ठेवलं.

“उडी उलटी असेल, तर हा माणूस खरा बसलाय डावीकडे. तिथे स्टिअरिंगच नसतं. मग हा कोण?”

५

रस्ताभर ठिणगी तोच हिशेब मांडत होती. पडद्यावर त्या जॅकेटवाल्याच्या शेजारची सीट काळी, रिकामी. उडी उलटी छापल्यावर खरा ड्रायव्हर भलत्याच बाजूला दिसला असता, म्हणून त्याला लपवलेला. आबा तिथे असणार, काळ्या कापडाखाली वाकून, खरं स्टिअरिंग धरून. मग उजेडात बसलेला तो दुसरा कोण, ज्याच्या हातातलं स्टिअरिंग कशालाच जोडलेलं नाही?

आणि मग तिला एकदम ते जॅकेट आठवलं. सगळे घामाघूम, आणि एकटीच्याच अंगात जाड जॅकेट. गळ्यात बांधलेली कात्री कुणी विसरतं का? मुंगीच्या पावलांचे टाके मशीन पोचलं नाही म्हणून नव्हते, चारला बसवलेलं कव्हर सहाला उसवून परत शिवलं म्हणून होते. चोराला घाई असते. चोरी करून झाल्यावरही शिलाई नीट केल्याशिवाय ज्याला उठवत नाही, असा चोर जगात एकच.

शिलाईकाकूंचं दार उघडंच होतं. मशीनपाशी जुनी कव्हरं, आणि कव्हरांखाली गोल उंचवटा. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच कव्हरं बाजूला केली. उलट्या आकड्यांची प्लेट. आणि एक स्टिअरिंग, मागे नुसता लाकडी ठोकळा.

त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो, कारण ठिणगीला सांगतानाच रडायला येत होतं. डाव्या सीटवर बसवायला काकूंनी भुशाचा बाहुला शिवला होता. चाचणीला त्याची मान लटकली. हवेत तर तो मेलेलाच दिसला असता. हिरोचा डुप्लिकेट म्हणाला, हातात काही चालवायचं नसेल तर मी बसत नाही. उस्ताद कुणालाच बस म्हणायला तयार नव्हते. काकूंचं म्हणणं, बाहुला माझा, मान माझ्या टाक्यांनी लटकली. त्यांनी बाहुल्याचं जॅकेट काढून स्वतः घातलं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. कापडाखाली वाकलेल्या उस्तादांना समोरचं काही दिसत नव्हतं. काकू बघत होत्या आणि सांगत होत्या. जरा डावीकडे. धरा. सोडू नका. आता.

अरे, ती उडी दोघांची होती.

तेव्हा त्यांची मुलगी तीन वर्षांची. नवरा गेलेला, सासरचे मुलगी काढून घ्यायला टपलेले. आई गाड्या उडवते हे कळलं असतं तर झालंच. म्हणून त्यांनी उस्तादांकडून शब्द घेतला, की माझं नाव कधीच निघता कामा नये. ते शिवणकाम उस्तादांनीच मिळवून दिलेलं, त्यावर मुलगी शिकली, आता शाळेची मुख्याध्यापिका आहे.

मग आता कशाला लपवायचं, ठिणगीने विचारलं.

“त्या माणसाने माझं घर उभं केलं,” काकू म्हणाल्या. “त्याच्या वाट्याला एक दिवस आलाय. संग्रहालयात गाडी गेली की गाठोडं उघडणार, आणि लोक म्हणणार अर्धी उडी बाईची. मी त्याचा दिवस अर्धा करू?”

त्यांना माहीतच नव्हतं ना, की मडगार्डवरून सगळं अडलंय. आबांचा मान राखायला म्हणून त्यांनी नेमका आबांचा एकमेव पुरावा उचलून आणला होता. आणि गाठोडं कुणी नेलं हे आबांनी सकाळीच ओळखलं होतं, पण शब्द मोडायचा नाही म्हणून बूट बाजूला ठेवून दिले.

काकूंनी प्लेट तिच्या हातात दिली. स्टिअरिंग दिलं नाही. आणि अट घातली, माझं नाव तुझ्या तोंडून निघणार नाही. ठिणगीने मान्य केलं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

६

पाचला दहा कमी असताना ठिणगी आबांना त्यांच्या पुसलेल्या बुटांसकट हॉलमध्ये घेऊन आली. गर्दी मरणाची. दुपारीच आणून ठेवलेली पोपटीण मधोमध, दिव्यांखाली. हिरोचा मुलगा पहिल्या रांगेत. भोंग्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला, कुजबुजला तरी तीन रांगांना ऐकू जात होतं.

ठिणगीने भिंतीवर उडी लावायला सांगितली आणि गाय दाखवली. आधी लोक हसले, मग फोटो पाहिला, मग प्लेट पाहिली, आणि माना पुढे काढून बघायला लागले. भिंगवाले सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी, गाडी हीच. टाळ्या पडल्या. पण माणूस कामात बापाचं ऐकणारा नाही, सांगितलं ना? त्यांनी तोच प्रश्न विचारला. डावीकडच्या सीटवर बसलेलं हे कोण आहे?

ठिणगीचं तोंड बंद. शब्द दिलेला. तिने आबांकडे पाहिलं. आबांचाही शब्द दिलेला, शेहेचाळीस वर्षांचा. हॉल वाट बघत होता.

मग आबा उठले. सावकाश पोपटिणीपाशी गेले, डावीकडचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

लोकांना वाटलं, आता बसणार. ते बसेनात. नुसते दार धरून उभे, नजर पार शेवटच्या रांगेकडे. तिथे शिलाईकाकू बसल्या होत्या, हातात सुई-दोरा. कारण चार वाजता ठिणगीने त्यांना फोन केला होता, की मागचं कव्हर उसवलंय, ताबडतोब संग्रहालयात या. आणि ते खोटं नव्हतं. ते मुंगीच्या पावलांचे टाके ठिणगीने स्वतःच्या हाताने उसवले होते.

मग काकू उठल्या. सगळ्या हॉलमधून चालत पुढे आल्या.

“उस्ताद, किती वेळ दार धरणार? गुडघे दुखतील.”

आणि आत बसल्या. आबा वळसा घालून स्टिअरिंगवर बसले. काकूंनी सवयीने दोन्ही हात समोर धरले, रिकाम्या हवेत, आणि भिंतीवरच्या त्या जॅकेटवाल्याचे हात अगदी तस्सेच. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. हिरोचा मुलगा आधी उभा राहिला, मग सगळे.

आबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

“चालवली मी, बघितली हिने. बाई, चारचौघांत आभार मानायचे राहून गेले होते.”

“मानले ना आता,” काकू म्हणाल्या. “समोर बघा.”

भिंगवाल्यांनी पितळेची पाटी काढून खिशात टाकली. म्हणाले, दोन ओळींची करून आणतो.

बाहेर आल्यावर ठिणगी मला म्हणाली, मी काकूंचं नाव काढलं नाही, शब्द पाळला. पण कव्हर उसवून बोलावलं ते बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही. आबा खूश आहेत, काकूंनी जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, आणि त्याच हाताने एक धपाटाही दिला. तिचाच प्रश्न आता मी तुला विचारतोय. दिलेला शब्द एका बाजूला, ते मुंगीच्या पावलांचे टाके दुसऱ्या बाजूला, आणि पाचला एकच तास कमी. तू असतास तर काय केलं असतंस?